काकूचा जबाब

जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा माझ्या पासपोर्टवर बाबांचं नाव चुकीचं छापलेलं होतं. दुरुस्तीसाठी नव्यानं अर्ज केला आणि पोलीस पडताळणी गावाच्या पत्त्यावर लागली. म्हणून शहरातली खोली सोडून मी पंधरा दिवसांसाठी करमाडला आले.

आमच्या आणि काकाच्या शेतात एकच बांध. शेजारच्या शेंद्र्याला कंपन्या येऊन जमिनीचे भाव चढल्यापासून काकाचा मुलगा तो बांध आमच्या बाजूला सरकवायला बघत होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी मला सायकलवर बसवून शाळेत सोडणारा. माझी पडताळणी व्हायची आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नेमका तोच आठवडा निवडला. आम्ही हात उचलणार नाही, याची त्याला खात्री होती.

सकाळी जेसीबीचा आवाज आला. बाबा चहाचा कप तसाच ठेवून पळाले. मी चपला घालत होते तोवर मायनं मला मागं ओढलं, आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

"तू यायचं नाय. तुझं नाव फिर्यादीत गेलं की संपलं सगळं."

खिडकीतून शेत दिसत होतं. बाबा जेसीबीच्या पुढं उभे राहिले. चुलतभाऊ खाली उतरला. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. पहिला फटका बाबांच्या खांद्यावर बसला, दुसरा हातावर. हाड मोडल्याचा आवाज इतक्या लांब येत नसतो, पण मला तो आला. बाबा गुडघ्यांवर बसले. मोडलेला हात पोटाशी धरून त्यांनी दुसरा वर केला, थांब म्हणायला. त्या हातावरही त्यानं मारलं. काका बांधावरून "बास कर, बास कर" म्हणत होता, पण पुढं येत नव्हता. मागून धावत गेलेली माय मधे पडली तर त्यानं तिला केसांना धरून चिखलात फेकलं.

तिसऱ्या लाथेला दाराची कडी निघाली. मी धावत गेले, बांधावरचा दगड उचलला आणि चुलतभाऊ वळला तसा त्याच्या तोंडावर हाणला. तो पडला. मी पुन्हा हाणला. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी तो खालीच होता आणि त्याचा दांडा लांब पडला होता. त्याचे दोन दात चिखलात पडलेले मी बघितले आणि दगड पुन्हा वर नेला. कुणीतरी मागून माझं मनगट धरलं. काकू होती, त्याची आई.

"मरंल तो," ती म्हणाली. "टाक दगड."

मी टाकला.

बाबांना शहरातल्या दवाखान्यात नेलं. दुपारी मी आणि माय पोलीस ठाण्यात बाकावर बसलो होतो. आधारकार्ड लागेल म्हणून मायनं माझ्या कागदपत्रांची अख्खी फाईलच आणली होती, ती माझ्या मांडीवर होती. समोर चुलतभाऊ, तोंडाला रुमाल लावलेला. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून काका सांगत होता.

"हिनं मारलं साहेब. जीव घ्यायला निघाली व्हती. लिहा हिचं नाव."

जमादारानं माझ्याकडं पाहिलं. "पासपोर्टचा कागद आलाय तो तुझाच ना?"

मी मान हलवली. तेवढ्यात काकू पुढं आली.

"पोरीनं काय केलं नाय. ती घरात कोंडलेली व्हती. माझा पोरगा दांडा फिरवताना घसरला आन् जेसीबीच्या बकेटवर तोंडावर पडला. म्या डोळ्यानं बघितलं."

काकानं तिथंच, जमादारासमोर, तिच्या कानाखाली वाजवली. ती भिंतीवर आदळली. उठली, पदर सारखा केला आणि तेच पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा मारलं. मग दोन शिपायांनी त्याला धरलं. मी फाईल छातीशी धरून बसून राहिले. एक शब्द बोलले नाही. मनात एवढंच चाललं होतं, काकू, आता बदलू नको.

ती बदलली नाही. जबाबाखाली तिनं सही केली तेव्हा तिच्या कानातून रक्त येत होतं.

पुढं गावातल्या चार जणांनी बसून मिटवलं. कुणीच फिर्याद दिली नाही. बांध आमच्या शेतात दोन फूट आत आला. बाबांच्या हातात सळई बसली. माझा पासपोर्ट आला, व्हिसा झाला.

निघण्याआधी मी सिल्लोडला गेले. काकू त्या दिवसापासून तिथं भावाकडं राहत होती. ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसली होती. मी शेजारी टेकले तर म्हणाली, "उजवीकडं ये. डाव्या कानाला ऐकू येत नाय."

मला रडू आवरेना. "काकू, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"बोलली असतीस तर मीच हाणली असती तुला."

"माझ्यासाठी तू एवढं..."

"तुझ्यासाठी कशाला?" तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "माझ्या पोराला म्या थांबवू शकले नाय. तू बी खाली पडलेल्याला मारत व्हतीस. तुझं त्वांड बघितलं म्या. त्याच्यासारखंच दिसत व्हतं. गावात राहिली असतीस तर तुमच्यातलं एक गेलं असतं. म्हणून म्हणलं, जाऊ दे हिला लांब."

तिनं भाकरी आणि पिठलं वाढलं, मी खाली मान घालून जेवले. तिचा भाऊ मला एसटीपर्यंत सोडायला आला. काकू ओट्यावरूनच आत गेली.

चार दिवसांनी मी निघाले. बाबा विमानतळावर आले नाहीत. गळ्यात अडकवलेल्या हाताबद्दल कुणी विचारलं तर काय सांगू, म्हणाले.