पानामिस्त्रीचं तुंबलेलं नाक

अख्ख्या वस्तीचे नळ, मोऱ्या आणि संडास मोकळे करणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाक बारमाही तुंबलेलं असावं, यात देवाला काय गंमत वाटली ती देवच जाणे. वस्तीला मात्र पुष्कळ वाटली.

हातात सदा पाना, म्हणून सगळे त्याला पानामिस्त्री म्हणत. देहाने आडवा, गाल फुगलेले, आणि तोंड कायम उघडं, कारण श्वासाला दुसरी वाटच नव्हती. 'मी' म्हणायला गेला की 'बी' ऐकू यायचं, आणि 'नळ'चा 'दळ' व्हायचा. नवं गिऱ्हाईक फोनवर चक्रावून जाई. आपण त्याचं बोलणं सरळ करूनच लिहू, नाहीतर वाचणाऱ्याचंही नाक चोंदायचं.

धंद्यात या नाकाचा फायदाच होता. एका इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत उंदीर मरून फुगला होता. सगळी बिऱ्हाडं जिन्यात नाकाला रुमाल लावून उभी, आणि हा टाकीत कमरेइतका उतरून गाणं गुणगुणतोय. मग उंदराला शेपटीला धरून वर काढला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "हा तुमच्यापैकी कुणाचा?" दोन बायका तिथेच ओकल्या. ते साफ करायलाही हाच.

घरी करपलेलं दूध तो मिटक्या मारत प्यायचा. बायको म्हणायची, "माझ्यासारखी भाग्यवान मीच. काहीही शिजवा, नवरा खूश!" पण झोपायचा तो भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. आडवा झाला की जीव गुदमरायचा. आणि घोरणं असं, की खालच्या मजल्यावरचे विचारत, कुणी पंप चालू ठेवलाय का.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग कपाळ ठणकायला लागलं, डोळ्यामागे कुणी पाचर ठोकतंय असं वाटायला लागलं, आणि बायकोने त्याला ओढत नाक-कान-घशाच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने डोक्याचा फोटो काढवला आणि उजेडासमोर धरला.

"काका, हे बघा. इथे हवा असायला हवी. सगळं भरलंय. आत मांस वाढलंय."

मिस्त्रीने मान तिरकी करून फोटो पाहिला. "उतार चुकलाय," तो म्हणाला. "वरचं पाणी खाली येणार कसं? कुणी बसवलीय ही लाइन?"

"तुमच्या आईवडिलांनी," डॉक्टरीण म्हणाली. "आणि हे हसण्यासारखं नाही. ही डोळ्याशेजारची भिंत बघा, कागदासारखी झालीय. गोळ्या घेऊन झाल्या, फवारे मारून झाले. आता ऑपरेशन. उशीर केलात तर डोळा जाईल."

डोळा म्हटल्यावर मिस्त्रीचं उघडं तोंड क्षणभर मिटलं. लगेच उघडावं लागलं, ते सोडा.

ऑपरेशनचा खर्च ऐकून बायको बाकावर बसली. एवढ्या पैशांत घरातली सगळी भांडी सोन्याची नसली तरी चांदीची नक्कीच झाली असती. तेव्हा मोबाइलच्या दुकानात काम करणारी भाची पुढे आली. "मामा, हल्ली लोक फोनवर मदत मागतात. तुझा एक व्हिडिओ टाकायचा, खाली खातं जोडायचं. ओळखीचे देतात, अनोळखीही देतात. फक्त तू जरा रडवेला दिस."

"रडलो तर नाक आणखी भरेल. मरेन मी."

"मग गप्प चेहरा कर."

"तोंड उघडं ठेवून गप्प चेहरा कसा होतो गं?"

शेवटी त्याला मोरीशी उभा केला, हातात पाना दिला, आणि भाचीने जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने फोन खिडकीत टेकवून व्हिडिओ लावला आणि स्वतः आत दोन घास खायला गेली. दुकानात पोचायचं म्हणून न ऐकताच पाठवूनही दिला. घोटाळा झाला तो इथे.

पानामिस्त्रीचा एक नियम होता. पाणी उतरल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. उस्तादाने शिकवलं होतं, आगाऊ घेणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा नोकर होतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतं आणि अक्कल शिकवतं. म्हणून मिस्त्री आधी मोरी वाहती करायचा, बादलीभर पाणी ओतून दाखवायचा, मगच हात पुसून पुढे करायचा. चहासुद्धा काम झाल्यावर. या नियमामुळे त्याला वस्तीत मान होता, आणि तो नियम त्याच्या इतका हाडीमाशी खिळला होता, की फोनपुढे उभं राहिल्यावर तोंडातून दुसरं निघालंच नाही:

"राम राम मंडळी. माझं नाक तुंबलंय. डॉक्टर म्हणतात मोकळं होईल. पण आत्ता कुणी एक पैसाही देऊ नका. आधी काम होऊ द्या. नाक वाहतं झालं, मी तुम्हाला श्वास घेऊन दाखवला, की मग द्या. पटलं नाही तर देऊ नका."

व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर असा पळाला, की विचारू नका. बदाम आले, अंगठे आले, जोडलेले हात आले. लोकांनी खाली लिहिलं, 'असा माणूस आता शोधून सापडत नाही', 'मिस्त्री, काम झालं की पहिले पैसे माझे'. खात्यात मात्र खडखडाट. सांगितल्याप्रमाणे कुणी एक पैसाही दिला नव्हता. भाचीने व्हिडिओ पहिल्यांदा नीट ऐकला तो तेव्हा, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मिस्त्री छाती काढून हॉस्पिटलच्या खिडकीशी गेला. "पैसे देणारे पुष्कळ तयार आहेत. तुम्ही नाक उघडा, ते देतील."

"आधी डिपॉझिट," आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

"काम न बघता?"

"इथे तसंच असतं."

"आणि नाही उघडलं तर?"

त्या माणसाने आता मान वर केली आणि मागे डॉक्टरणीकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने तिलाच विचारलं, "बाई, खरं सांगा. तुमच्या घरी नळ बसवायला कुणी आला, तर आधी पैसे देता तुम्ही?"

"दिले होते," डॉक्टरीण म्हणाली. "न्हाणीघर फोडून ठेवलं आणि गेला तो गेला. आम्ही शेजारी जाऊन आंघोळ करतो."

मिस्त्रीने सगळ्या जातभाईंच्या वतीने मान खाली घातली. पण नियम सोडायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो उजवा डोळा सुजून लिंबाएवढा झालेला. उघडेना. उघडला तर एकाचे दोन दिसत. आरशात बघून म्हणाला, "अगं, मी दोन झालो."

"एकच पुरे होता," बायको म्हणाली. मग तिने पदर खोचला. "बसा इथे. पोरी, काढ फोन. अहो, आज तुम्ही तोंडाने म्हणणार, आत्ताच द्या."

"अगं, पण..."

"पण नाही न् बिण नाही. उस्ताद आपले दोन्ही डोळे घेऊन वर गेला. तुमचा एक इथे चाललाय. आंधळा मिस्त्री हात घालणार कुठे, मोरीत की माझ्या पिठाच्या डब्यात?"

फोनपुढे बसलेला मिस्त्री घामाघूम झाला. "मंडळी," म्हणाला आणि थांबला. पुन्हा "मंडळी", पुन्हा थांबला. मुंजीतला मुलगाही भिक्षा मागायला इतका लाजला नसेल. फोनमागे बायको हाताने ढकलल्यासारखं करत होती. शेवटी एका दमात बोलला, "मंडळी, मी जन्मात मागितले नाहीत ते मागतो. आगाऊ द्या. आत्ताच द्या. डोळा चाललाय. काम माझं नाही, डॉक्टरणीचं आहे, तेव्हा बिघडलं तर मला विचारायचं नाही!" आणि फोनवर हात आपटला. व्हिडिओ तिथेच तुटला.

पैसे आले. बदामवाले आले, अंगठेवालेही आले. आणि उस्ताद म्हणाला होता तस्संच झालं. दिवसभर फोन. एक म्हणाला, ऑपरेशन मंगळवारी नको. दुसऱ्याने विचारलं, भूल कुठल्या कंपनीची. ज्याने सगळ्यांत कमी दिले त्याचे फोन सगळ्यांत जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई तर दारातच उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, मी दिलेत. पण एक शंका आहे. नाक सुरू झालं तर आमच्या गटारात उतरणार कोण?"

"मीच उतरेन, बाई."

"वास येईल."

"तुम्हाला इतकी वर्षं आलाच की. आता मी पण भागीदार."

मास्तरीणबाई तोंडावर हात ठेवून हसल्या आणि पर्समधून आणखी एक नोट काढून गेल्या. मिस्त्री प्रत्येकाला उत्तर देत राहिला, हो साहेब, हो ताई, विचारून सांगतो. नोकर झाला होता, पण डिपॉझिट भरलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी त्याला आत घेतलं.

शुद्धीवर आला तेव्हा नाकात कापडी पट्टीचे बोळे ठासलेले, आणि नाक पहिल्यापेक्षा जास्त तुंबलेलं. त्याने हातवारे करून बायकोला सांगितलं, फसवलंय. पैसे परत माग. बायकोने हात धरून खाली दाबला. डोळ्याची सूज मात्र उतरत होती. दुसऱ्या दिवशी त्याने एक डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं, आणि बोट वर केलं. एक. एकच बायको दिसतेय. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "दोन परवडल्याही नसत्या."

मग डॉक्टरीण बोळे काढायला आली. ओढतेय, ओढतेय, पट्टी संपेचना. मिस्त्रीला वाटलं, आता पायाच्या अंगठ्यापासून येतेय. दुसरी बाजूही मोकळी झाली. "तोंड मिटा," ती म्हणाली. "आणि हळूच श्वास घ्या."

त्याने तोंड मिटलं. बायकोने नवऱ्याला क्षणभरापलीकडे तोंड मिटलेलं कधी पाहिलंच नव्हतं. बघतच राहिली, हा कुणी वेगळाच माणूस. हवा आत गेली, थंड, सरळ, कुठेही न अडता. मिस्त्रीने पुन्हा ओढली, लांब, पोट फुगेपर्यंत. आणि त्याचे डोळे भरून आले.

"अहो, दुखतंय का?" बायको घाबरली.

त्याने मानेनेच नाही म्हटलं. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक ड्रायव्हर झोपला होता, आणि त्याचा दुसरा, धड पाय मोज्यासकट याच्याकडे आला होता. मिस्त्रीने त्या मोज्याकडे बोट दाखवलं.

"काय भयंकर वास आहे गं!" तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, डोळे मिटून, छातीभर ओढून घेतला.