निमोण्याच्या माळावरची तार

आमच्या घरात एखाद्याला वेड लागलंय हे ठरवायला फार वेळ लागत नसे. ह्यांनी निमोण्याच्या बाजूला माळरान विकत घेतलं आणि त्याच आठवड्यात ते ठरून गेलं.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. दौंडला स्टेशनापासून थोड्या अंतरावर आमची तेलाची गिरणी होती. शेंगदाण्याचं तेल डब्यांत भरून रेल्वेनं बाहेर जायचं, पेंड आसपासच्या खेड्यांत खपायची. दारात मोटार होती, घर दोन मजली होतं, आणि गावातल्या कुठल्याही लग्नात पुढची गादी आमच्यासाठी राखलेली असायची. थोरले दीर, म्हणजे दादा, पेढी सांभाळत, हे गिरणी. पण ह्यांचं लक्ष गिरणीत कमी आणि पेंड न्यायला आलेल्या बैलगाड्यांकडे जास्त. गाडीवान चहाला गेला की हे बैलांपाशी. खूर उचलून बघायचे, दात बघायचे, कुठल्या गावचा, कुणाच्या गोठ्यातला, सगळी चौकशी करायचे. घरी येताना अंगाला शेणाचा वास असे, म्हणून त्यांना मागच्या दारानं आत यावं लागे.

माळ खडकाळ होता. पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत, थंडी सरली की सगळं पिवळं. मुंबईला राहणाऱ्या एका मालकाला तो नकोसाच झाला होता. ह्यांचा बेत असा की तिथं शेती करायचीच नाही, नांगर लावायचा नाही. गवत राखायचं, तारेनं रानाचे चार तुकडे करायचे, एक तुकडा चरून झाला की जनावरं दुसऱ्यात घालायची, आणि खिलार जातीची पैदास करायची. एका सरकारी फार्मवर ह्यांनी हे पाहिलं होतं. आमच्या भागात असं कुणी केलं नव्हतं. आपोआप उगवणाऱ्या गवतासाठी पैसेवाल्या माणसानं गिरणी सोडावी, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

थोरल्या दिरांनी मला बोलावून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. मी दाराआड उभी राहायचे आणि ते भिंतीकडे बघून बोलायचे.

‘त्याला समजाव,’ ते म्हणाले. ‘गिरणीतला वाटा मोडून दगड घेतलेत त्यानं. तुझं ऐकेल.’

‘मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.’

‘कुठं?’

‘माळावर. राहायला.’

‘आपल्या घराण्यातली बाई पत्र्याखाली राहणार?’

‘राहीन की,’ मी म्हणाले आणि दाराआडून बाहेर आले. ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही बघितलं.

आता खरं सांगते, मला गुरांचं काडीचं प्रेम नव्हतं. गाय अंगावर येईल म्हणून मी लांबून जायचे. पण आम्हाला मूल नव्हतं, आणि त्या घरात प्रत्येक सणावाराला ते मला कुठल्या ना कुठल्या रीतीनं कळवलं जायचं. ओटी भरायची वेळ आली की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. त्यापेक्षा पत्रा बरा. ह्यांना गुरांकडे जायचं होतं, मला त्या घरातून निघायचं होतं. दोघांची वाट एकच निघाली.

माळावर पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. वारा सुटला की पत्रा असा वाजायचा की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. ह्यांनी धोतर सोडून खाकी अर्धी चड्डी घातली. निमोण्याची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून शेठ चड्डीत कसा दिसतो ते बघायला येत. हे त्यांच्यासमोरच शेणाच्या पाट्या उचलत. ‘हसू देत,’ म्हणायचे. ‘हसायला आलेला माणूस चार दिवसांनी वासरू मागायला येईल.’ काही आले, बरेचसे आले नाहीत. मीही हळूहळू धार काढायला शिकले. पहिल्या गाईनं मला लाथ मारली, दुसरीनं मारली नाही, आणि तिथून माझी भीती गेली.

मग तार आली. काटेरी तारेची भेंडोळी ट्रकमधून उतरली, दगडी खांब रोवले गेले, आणि सगळ्या माळाला वेढा पडला. ह्यांचा आनंद मावेना. पण माळाच्या पलीकडच्या कडेला ओढ्यात एक डोह होता. उन्हाळ्यातही तो आटत नसे. खालच्या वस्तीवरच्या बाया आणि गुरं माळ ओलांडून त्या डोहावर पाण्याला जात. तारेनं ती वाट बंद झाली.

वस्तीवर एक वयस्क शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत, पंचायतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते येऊन आमच्या ओट्यावर बसले.

‘शेठ, तार चांगली हाय,’ ते म्हणाले. ‘पर वाट अडलीया.’

‘तिथं वाट नाही, आबा. माझ्या कागदात कुठंही वाट दाखवलेली नाही.’

‘कागद आत्ता झाला. मान्सं आन् गुरं माज्या आज्याच्या आदीपास्नं हिकडनं जात्यात. आता समद्या माळाला वळसा घालायचा म्हंजी निम्मा दीस तितंच जातुया.’

‘एकदा वाट दिली की गवत राहायचं नाही.’

‘गवत ऱ्हाईल तुमचं,’ आबा उठत म्हणाले. ‘मान्सं ऱ्हायाची न्हाईत.’

ते गेल्यावर हे खुशीतच होते. भावाला पुरून उरलो, हसणाऱ्यांना पुरून उरलो, आता आबांनाही पुरून उरेन, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जगाच्या विरुद्ध उभं राहायची त्यांना इतकी सवय झाली होती की समोरचा कधीतरी बरोबर असू शकतो हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. मी म्हणाले, ‘दादा तुमच्याशी जसे बोलले, तसेच तुम्ही आबांशी बोललात.’ ते उठून गोठ्यात गेले.

वस्तीवर नालबंदाचं घर होतं, पिढ्यान्‌पिढ्या निमोण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब. नालबंद आमच्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायला येत आणि त्यांची बायको येता-जाता माझ्यापाशी टेकायची. माळावर मला तेवढीच सोबत होती. एक दिवस ती आली तेव्हा तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेला होता. मी हळद दाबली.

‘तारंखालनं निगत व्हते,’ ती म्हणाली. ‘तुमची तार लई चांगली हाय वैनी. धरलं की सोडत न्हाई.’

ती चिडून बोलली असती तर मी कदाचित समजूत घातली असती. पण ती हसत होती. तिला घरी पाठवलं, हत्यारांच्या पेटीतली मोठी पक्कड घेतली आणि भर दुपारी तारेपाशी गेले. गडी खांबाच्या सावलीत भाकरी खात बसले होते. मी वरची तार पकडीत धरून जोर लावला. पहिल्यांदा काही झालं नाही. पक्कड दोन्ही हातांत धरून अंगाचा भार टाकला तेव्हा तार तुटली आणि फटकारा देऊन माझ्या गालाला चाटून गेली. मग खालच्या दोन तोडल्या. तोवर कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं.

‘काय चाललंय?’

‘वाट करतेय.’

‘गुरं बाहेर जातील.’

‘मग फाटक बसवा.’

‘बाजूला हो.’

मी हलले नाही. गड्यांनी भाकरीतून माना वर काढल्या नाहीत. हे पाठ फिरवून निघून गेले. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं तार जोडली. सकाळी मी तोडली. त्यांनी पुन्हा जोडली, मी पुन्हा तोडली. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी गुरांपुरतं बोलत होतो. गाभण गाय कुठली, कुणाला पेंड द्यायची, एवढंच. जेवण मी वेळेवर वाढत होते आणि ते पानावर वेळेवर येत होते. शेवटी एका सकाळी मी पक्कड घेऊन गेले तर तार जोडलेलीच नव्हती. निमोण्याचा सुतार खांबांमधलं अंतर मोजत होता. हे त्याच्या शेजारी उभे होते. ‘बाभळीचं कर,’ एवढंच त्याला म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

फाटक झालं आणि लगेच कुणीतरी ते उघडं टाकलं. आमची जनावरं बाहेर पडली आणि थेट आबांच्या ज्वारीत शिरली. आबांनी ती कोंडवाड्यात घातली. ‘बघ,’ हे मला म्हणाले, ‘ही तुझी वाट.’ बोलताना त्यांना बरं वाटत होतं, ते मला दिसत होतं.

मी आबांकडे गेले. ‘जनावरं सोडा,’ म्हणाले. ‘फाटक तुमच्या माणसांनी उघडं टाकलं.’

‘कशावरनं?’

‘आमची माणसं डोहावर जात नाहीत. आमच्याकडे विहीर आहे.’

आबांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, ‘वैनी, ज्वारी माजी गेली.’

‘ज्वारीची भरपाई मी करते. पण यापुढं फाटकाची राखण वस्तीनं करायची. उघडं दिसलं की तार पुन्हा बसेल, आणि या वेळी मी तोडणार नाही.’

‘शेठपरीस तुमी वाईट हायसा,’ आबा म्हणाले, आणि कोंडवाड्याकडे निघाले. त्यानंतर फाटक कधी उघडं राहिलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कुणी उघडं टाकलं तर वस्तीवरच त्याला शिव्या बसत.

पुढं एकोणीसशे साठ साल उलटल्यावर जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. माळाचा मोठा तुकडा गेला. हे कचेऱ्यांत भांडले, हरले, आणि उरलेल्या रानात जनावरं कमी करून राहिले. नदीकाठच्या गावांत ऊस वाढत होता. साखर कारखान्याची माणसं जीप घेऊन येत आणि सांगत, पाइप टाका, ऊस लावा, गवत काय राखताय. हे त्यांना दूध पाजून परत पाठवत. गिरणीइतकं उत्पन्न त्या माळानं कधीच दिलं नाही. गिरणी दौंडला छान चालली होती, दादांचं आमच्यावाचून काही अडलं नाही. लोकांना वाटतं आम्ही हळहळलो असू. नाही हळहळलो.

कायदा आला त्याच सुमारास, ऐन शिरूरच्या बाजाराच्या तोंडावर ह्यांना हिवतापानं धरलं आणि आमच्या गोठ्यातली पहिली तयार बैलजोडी घरीच राहायची वेळ आली. मी गडी आणि नालबंद बरोबर घेतले आणि गेले. बैलबाजारात बाई दिसली की माणसं बाजूला होतात, तशी झाली. दलाल खांद्यावरचं उपरणं सरसावत पुढं आला. तिथं भाव कापडाखाली हात घालून, बोटं दाबून ठरायचा.

‘शेठ कुठं हायेत?’

‘ताप आलाय.’

‘मंग फुडल्या बाजाराला आणा.’

‘बैल आलेत, मी आलेय. बोला.’

तो घुटमळला. ‘भाव हातावर ठरतुया वैनी. बाईमान्साचा हात कसा धरायचा?’

‘नका धरू. तोंडानं बोला.’

‘समद्यांम्होरं?’

‘बैल सगळ्यांसमोर उभे आहेत. भावालाच कसली लाज?’

भोवती माणसं जमली. त्यांतला मांडवगण फराट्याचा एक शेतकरी पुढं झाला, बैल चालवून बघितले आणि मोठ्यानं भाव सांगितला. मी नाही म्हणाले. त्यानं चढवला. मी पुन्हा नाही म्हणाले. दलाल मध्ये पडायला बघत होता, त्याला कुणी वाव दिला नाही. तिसऱ्यांदा शेतकऱ्यानं जो भाव सांगितला तो ह्यांनी मनात धरला होता त्याच्याहून चांगला होता. मी मान डोलावली आणि दावं त्याच्या हातात दिलं.

घरी आले तेव्हा हे गोधडीत होते. सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, आणि दलालाचं बोलणं आलं की तापातही हसू लागले.

बातमी दौंडला पोचायला वेळ लागला नाही. दादांनी माणूस पाठवला. घराण्याची बाई बाजारात उभी राहिली, हे पुन्हा होता कामा नये, असा निरोप होता. मी त्या माणसाला जेवू घातलं आणि निरोप ऐकला म्हणून सांगायला सांगितलं.

पुढच्या बाजाराला ह्यांचा ताप उतरला होता. तरी मीच गेले.