झावळीपलीकडचा शिंपला

फिजीतल्या नाकोरोलेवू गावाचे प्रमुख इनोके वारले, तेव्हा रिवाजाप्रमाणे उत्तरेकडचा उथळ समुद्र शंभर रात्री मासेमारीला बंद झाला. पाण्यात खांब रोवून त्याला बंदीची खूण म्हणून माडाची झावळी बांधली त्यांच्या बहिणीनं, वासेमाथानं.

दक्षिणेला सरकारी पाटी होती: मासेमारी बंद, दंड होईल. पोरं त्याच पाटीवर मासे कापत. खवल्यांखाली अक्षरं बुजली होती.

पाटीची ही गत, तर झावळीला कोण भीक घालणार? भावाचा मान नुसता दाखवायचा असेल, तर ती झावळी आजच उपटून टाकावी, असं वासेमाथाला वाटे. तिनं पारखून पाहायचं ठरवलं. ओहोटीला एक थोरला जिवंत शिंपला तिनं खांबाच्या पलीकडे, बंद भागात, हातभर अंतरावर उघड्यावर ठेवला आणि केवड्याच्या बनात दबा धरून बसली.

आला नेमानी, तिचा चुलतभाचा, पाटीवर मासे कापणाऱ्यांत पहिला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. खाली बसला. हात पुढे केला.

हात खांबाशी थांबला. शिंपला उन्हात वाळत होता. नेमानीनं अलीकडच्या डबक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यावर फेकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फेकलं. भरतीचं पाणी शिंपल्यावर चढेपर्यंत तो हेच करत राहिला. मग प्रमुखासमोर वाजवतात तशा संथ, पोकळ टाळ्या वाजवून उठला.

वासेमाथा बनातून बाहेर आली.

"पाटीला भीत नाहीस, मेल्या, आणि वाळक्या पानाला भितोस?"

"पाटीवाला साहेब बोटीनं येतो, आत्या. इंजिन लांबूनच ऐकू येतं. इनोकेकाका कसे येणार, ते कुणाला ठाऊक?" त्यानं खांबापलीकडे बोट दाखवलं. "पण शिंपला काय चालत आला? पाणी चढायच्या आधी पलीकडच्या चिखलात पावलं दिसली मला. डाव्याला अंगठा नव्हता."

वासेमाथानं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. झावळी ओलांडली होती ती एकट्या तिनंच.

संध्याकाळी माफी मागताना देतात ती कावाची मुळं घेऊन ती गावातले वडीलधारे जमतात त्या थोरल्या घराच्या दारात बसली आणि सगळं सांगून टाकलं. "शंभर रात्री पुन्हा पहिलीपासून मोजा," ती म्हणाली. उत्तरेच्या पाण्यातल्या ऑक्टोपससाठी जीव टाकणाऱ्या त्या गावानं तिची मुळं स्वीकारली आणि मोजणी पुन्हा एकपासून धरली.

सकाळी नेमानी ताजी झावळी घेऊन आला.

"घट्ट बांध, आत्या. आणि या वेळी अलीकडेच उभी राहा."