सॅकचा पट्टा

ड्युसेलडॉर्फच्या जपानी मंदिरात त्या दिवशी पितरांचा सण होता. जर्मनीत डार्मश्टाटला शिकायला आल्यापासून इतकी गर्दी मी पाहिलीच नव्हती. लोकांचे धक्के लागत होते आणि मला ते चक्क आवडत होते. अंगणात मोठी घंटा दिसली. आपल्याकडच्या सवयीने मी ती वाजवली आणि हात जोडले.

शेजारी उभ्या असलेल्या एक जपानी आजी जर्मनमध्ये म्हणाल्या, "आज ही घंटा गेलेल्यांना बोलवायला वाजवतात. तू कुणाला बोलावलंस?"

बाबा गेले तेव्हा मी घरी पोहोचू शकलो नव्हतो.

कॉलेजच्या प्रवेशासाठी आम्ही दोघे पुण्याला गेलो होतो, तेव्हा बाबा शहराला फार बिचकले होते. हरवू नये म्हणून दिवसभर त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा धरून ठेवला होता. "तू चाल पुढं. मी हाय मागं," असं म्हणत होते.

आजींना नमस्कार करून मी गर्दीत शिरलो. थोडं पुढे गेल्यावर सॅकचा पट्टा मागून हलकेच ओढला गेला. कदाचित कुणाच्या हातात अडकला असेल. मी वळून पाहिलं नाही. फक्त पावलं सावकाश टाकू लागलो, मागे कुणी हरवू नये म्हणून.