बाईंचं ‘आता’ आणि दुसरं इंजिन

गाडी शिकवणाऱ्या बाईंची सगळी विद्या एका शब्दात मावायची : ‘आता.’

शिकाऊ माणूस स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेला, क्लच तळाला दाबलेला. शेजारच्या सीटवर बाई. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. नजर मात्र खिडकीबाहेर, जणू हवा खायलाच आल्यात. क्लच हळूहळू वर येऊ लागला की एका क्षणी इंजिनाचा आवाज किंचित उतरायचा, तान घेण्याआधी गवयाने श्वास घ्यावा तसा. नेमक्या त्या क्षणी बाई म्हणायच्या, “आता.” शिकाऊ ॲक्सिलरेटर द्यायचा आणि गाडी निघायची. तो क्षण हुकला की इंजिन एक आचका देऊन गप्प. जुनं, अशक्त इंजिन ते, पण कुणाची भीड धरायचं नाही. सत्तावीस वर्षं बाई सांगत आल्या होत्या की शिकवतं ते इंजिन, मी नुसती सोबतीला बसते. लोकांना हा विनय वाटायचा. बाई मात्र मनापासून बोलत होत्या.

तेच इंजिन आता थकलं होतं. आठवड्याला ऑइल प्यायचं, चढावर निळा धूर सोडायचं. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ कान दिला आणि बॉनेट लावून हात पुसत बसले. इतका वेळ हात पुसणारा मिस्त्री आणि नाडी सोडून खिडकीबाहेर बघणारा डॉक्टर, दोघांचंही ऐकायला जिवावर येतं.

मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. हे इंजिन उघडून पुन्हा उभं करता येईल, पण याचे भाग आता कुणी बनवत नाही. लेथवर करून घ्यायचे तर दोन-तीन महिने गाडी इथेच पडून राहणार आणि नंतरही खात्री नाही. दुसरा रस्ता म्हणजे अपघातात चेपलेल्या एका गाडीचं ठणठणीत इंजिन त्यांच्याकडे होतं, जरा मोठं, पुष्कळ नवं. बेकरीवाल्याच्या गाडीत त्यांनी असंच बसवलं होतं, आणि ती गाडी बाईंच्या गाडीची सख्खी बहीणच. इंजिनाचा नंबर बदलला की सरकारी कागद बदलून घ्यावे लागतील, तेवढंच काय ते.

“आणि बाई, ते सहजासहजी बंद पडत नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांना वाटलं, बाई खूश होतील.

बाईंचा चेहरा पडला. “जे बंद पडत नाही, ते शिकवणार काय?”

घरी नवऱ्याने तो प्रश्न फारसा मनावर घेतला नाही. तो पाट्या रंगवायचा. गाडीच्या पाठीवरचं ‘शिकाऊ’ त्याच्याच हातचं. ब्रश धूत तो म्हणाला की अगं, माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते, त्या इंजिनाचा खोकला मात्र तुला अंगाईसारखा वाटतो, हा कुठला न्याय? बाई हसल्या. पण त्यांचं घोडं कुठे अडलं होतं, ते त्यांनी त्यालाही सांगितलं नाही. तो आवाज उतरलेला ऐकू आला नाही, तर ‘आता’ कधी म्हणायचं? आणि ‘आता’ म्हणता आलं नाही, तर शेजारच्या सीटवर बसलेली ही बाई कोण?

तरी बेकरीवाल्याकडून एका दुपारपुरती त्याची गाडी मागून घेतली. त्या दिवशी शिंपीणबाईंचा तास होता. पन्नाशीच्या, हाताने चोख, दोनदा परीक्षेत नापास झालेल्या. आज तुम्ही नुसत्या बसा, असं सांगून बाईंनी त्यांना शेजारी बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मागच्या सीटवर पावाचे रिकामे ट्रे होते.

बाईंनी चावी फिरवली. इंजिन इतक्या हळू सुरू झालं की सुरू झालंय का, हे हात लावून बघावं लागलं. क्लच वर येऊ लागला. बाई आवाज उतरायची वाट बघत राहिल्या. आवाज उतरलाच नाही, आणि वाट बघता बघता क्लच पुरता सुटला. गाडीने उडी मारली, ट्रे खडखडले, आणि सगळं शांत.

गाडी शिकवणाऱ्या बाईंच्याच हातून गाडी बंद पडली होती, तीही शिंपीणबाईंच्या दुकानासमोर.

दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फुटपाथवरचा एक गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, “ताई, क्लच हळू सोडा. घाबरू नका, येईल हळूहळू.” बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तळहाताला घाम फुटला होता. किती वर्षांनी हा घाम! समोरच्याला तो सुटलेला त्यांनी हजारदा पाहिला होता. कसा असतो, ते मात्र विसरून गेल्या होत्या.

शिंपीणबाई हसल्या नाहीत. मोठेपणाच म्हणायचा. त्या आपल्या मशीनचं सांगू लागल्या. पायाने चालवायच्या जुन्या मशीनला मुलाने मोटर बसवून दिली, तेव्हा आठवडाभर त्या सुया मोडत होत्या. वीस वर्षांचा हात, पण शिवण पुढे पळायची आणि त्या मागे. “मग मी कान बंद केले, बाई. आवाज सोडला आणि बोटाखाली कापड कसं सरकतंय तेवढंच बघितलं.” जरा थांबून त्या मांडीवरची पर्स नीट करत म्हणाल्या, “रागावणार नसाल तर एक बोलू? परीक्षेला ते साहेब शेजारी बसतात ना, ते ‘आता’ म्हणतच नाहीत हो.”

बाईंनी चावीवरचा हात काढला. रंगमंचावर वावरलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची आहे. विंगेत उभा राहून वाक्य पुरवणारा माणूस फार प्रेमळ असला, की नटाचं पाठांतर कधीच पक्कं होत नाही. त्याचा आवाज वेळेवर येतो आणि प्रयोग निभावतो, म्हणून नटाला वाटतं आपल्याला नाटक येतं. बाईंच्या डोळ्यांसमोर एकेक चेहरा येऊ लागला : परीक्षेत गाडी बंद पाडून आलेले, आणि पास होऊनही पुन्हा कधी स्टिअरिंगला हात न लावलेले. शिकवत इंजिन नव्हतं, आणि त्याही शिकवत नव्हत्या. इंजिन त्यांना सांगायचं, त्या पुढे सांगायच्या, आणि शिकणाऱ्याच्या पायाला कुणी काही विचारतच नव्हतं.

त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी तळव्याने क्लच दाबला आणि सोडू लागल्या. तळव्याखाली एक बारीक थरथर आली, अगदी अलगद, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. गाडी निघाली. फुटपाथवरच्या गृहस्थाने समाधानाने मान डोलावली आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

संध्याकाळी त्या मिस्त्रींकडे गेल्या. “बसवा ते इंजिन,” म्हणाल्या. “पण गाडी आधी चार दिवस मला एकटीला द्या. शिकायचंय.” मिस्त्रींना वाटलं, बाई थट्टा करतायत. जुन्या इंजिनाचं काय करू, असं त्यांनी विचारलं. बाईंनी त्याच्या गार झालेल्या लोखंडावर क्षणभर हात ठेवला आणि ज्याला त्याचे भाग कामाला येतील त्याला द्या म्हणाल्या. जाताना वळून मात्र बघितलं.

कागद झाले, गाडी आली. पहिला तास शिंपीणबाईंचा. बाईंनी त्यांना चप्पल काढायला लावली. क्लच वर येऊ लागला. सवयीने बाईंचं तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मिटलं. गाडी आचका देऊन बंद पडली. शिंपीणबाईंनी पुन्हा चावी फिरवली. दुसऱ्यांदा पुन्हा बंद पडली. शिंपीणबाईंनी शेजारी पाहिलं; बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण मांडीवर त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

तिसऱ्या वेळी शिंपीणबाई आपल्याच पायाकडे कान लावल्यासारख्या मान वाकवून बसल्या. मग पुटपुटल्या, “आता.”

गाडी निघाली.