तान्ह्या पोळ्याचे हार

चंपतराव मास्तर सक्करदऱ्याच्या शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. मुलगा भिलाईला. दोन खोल्यांच्या घरात आवाज करणारी कात्री तेवढी उरली. हाताला चैन नसे म्हणून ते कागदाच्या पट्ट्या कापत, खळीनं चिकटवत, त्यातून निघणारे आकार बघत बसायचे. दाखवायला कोणी नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र दार वाजे. तान्हा पोळा. गल्लीतली पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत येत. बैलाला कुंकू लावायचं, पोराच्या हातावर बोजारा म्हणून एखादं नाणं ठेवायचं. नाणं पडलं की पोर पुढल्या दारी.

चौऱ्याहत्तर साली मास्तरांनी ठरवलं, बोजारा असा द्यायचा की पोरांना थांबावंच लागेल. त्यांनी रंगीत पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीला अर्धा पीळ दिला आणि टोकं जोडून कडी केली.

"मास्तरजी, बोजारा!"

"औंदा हार आहे. बसा."

"पैसे नाई?" नत्थूनं तोंड वाकडं केलं.

शेजारची गोपिका मात्र बसली. तिच्याकडे बैलांची जोडी होती. मास्तरांनी तिला कात्री दिली. "पट्टीच्या मधोमध गोल कापत जा. किती हार होतील?"

"दोन. माह्या दोन बैलाइले दोन."

कापून झालं. हातात एकच हार, दुप्पट लांब.

"अरे! एकच झाला न गा!"

"मास्तरजीनं चेटूक केलं!" म्हणत नत्थूही टेकला. ओसरी भरली. कोपरं एकमेकांना लागत होती, श्वास अंगावर येत होते.

"आता पुन्हा तसंच काप."

या वेळी दोन झाले, पण एकमेकांत अडकलेले. गोपिकानं ते बैलांच्या गळ्यात घातले आणि एकाला ओढलं. दुसरा तोंडावर पडला. पोरं खिदळली. मास्तर पुढं सरकले. असं का होतं ते आता सांगायचं होतं.

"चौकात पेढे वाटून राहिले!" रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं.

ओसरी रिकामी झाली. गोपिका राहिली, बैल गुंतले होते म्हणून.

"सोडवा न जी. पेढे सरतीन."

"थांब. आपण पट्टीला पीळ दिला होता, म्हणून तिची दुसरी बाजू..."

ती गल्लीकडे बघत होती. एक पाय पायरीवर गेलाही होता. पोराला कसं गुंतवून ठेवायचं हे मास्तरांना ठाऊक होतं. उभा जन्म त्यातच गेला होता. तरी त्यांनी एका बैलाचा हार कापला.

"जा."

"याच्या गळ्यात मंग काई नाई," ती म्हणाली, आणि दोन्ही दोऱ्या ओढत पळाली. चाकांचा खडखडाट चौकातल्या गोंधळात मिसळून गेला.

मास्तर खाली बसले. उरलेल्या पट्ट्या त्यांनी पीळ न देताच जोडायला घेतल्या. कोणी आलंच, तर एका कापात दोन हार होतील आणि पोर लवकर मोकळं होईल.