गावातून परत मागितलेलं ऑईल

गाडीचं ऑईल घरच्या घरी बदलता येतं, अशी माझ्या नवऱ्याची समजूत होती. तो पोस्टात चिठ्ठ्या वाटायचा. जुनी जीप लिलावात घेतलेली, आणि तिच्याखाली उताणं पडून राहणं हा त्याचा रविवारचा छंद.

तो दिवस मात्र रविवार नव्हता. शाळेतल्या नोकरीचा हुकूम माझ्या हातात होता आणि तालुक्याच्या कचेरीत हजर होण्याची मुदत त्याच दुपारी बाराला संपत होती. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मी सकाळच्या एसटीनं निघालेच होते, तर हा आडवा आला.

"मास्तरीण एसटीत लटकत जाते काय? नवं ऑईल टाकतो अन् जीपनं नेतो तुले!"

मी भुलले. एसटी गेली.

आमच्या मेडशीत जळकं ऑईल कुणी वाया जाऊ देत नसे. कुणाला ते बैलबंडीच्या आखाला हवं, कुणाला वाळवी लागलेल्या चौकटीला. जीपखालचं घमेलं भरलं, तशी माणसं डबे-बाटल्या घेऊन हजर. नवऱ्यानं दानशूरासारखं सगळ्यांना वाटलं आणि गाळासकट घमेलं शेजारच्या काकांना देऊन टाकलं. ऑईल सोडायला काढलेला इंजिनाच्या बुडाचा बोल्ट हरवू नये म्हणून त्यानंच घमेल्यात टाकला होता, हे दानाच्या भरात साफ विसरला.

इस्त्रीची पांढरी साडी नेसून मी बाहेर आले, तर पहाटे सारवलेल्या अंगणात नवंकोरं ऑईल ओट्यापर्यंत पसरलेलं, आणि हा बॉनेटमध्ये डोकं घालून शेवटचा डबा ओततोय.

"अहो, खाली पाहा ना! सारं अंगणच पिऊन राह्यलं!"

त्यानं डबा टाकला आणि जीपखाली डोकावला, तर बुडाचं भोक उघडंच. मला रडू आलं, संतापही आला. पण रडता रडताच डोक्यात आलं, कालपर्यंत जीप ज्या ऑईलवर धावत होती, ते तर गावातच आहे.

पदर खोचला आणि दारोदार फिरले. लाज कसली वाटायची! काकांनी गाळात कोपरापर्यंत हात घालून बोल्ट शोधला. एक जण म्हणाला, "आख तर माखून झाला, बाई. उरलं ते घेऊन जाय." एका बाईनं चौकट अर्धी सोडून बाटली दिली. "तू मास्तरीण हो वं, वाळवी खाऊ दे दाराले!"

बोल्ट मी स्वतः आवळला. याच्यावर भरवसा उरला नव्हता. जुन्या धोतरातून सगळं गाळून ओतलं, तेव्हा इंजिनातल्या मोजपट्टीवर ऑईल जेमतेम खालच्या खुणेला टेकलं. जीप खोकत, धूर सोडत निघाली आणि मागे अख्खी गल्ली ओरडत राहिली.

पावणेबाराला कचेरीत पोचले. कारकुनानं माझे काळे हात, डागाळलेली साडी पाहिली. मला दुष्काळी कामावरची मजूर समजला असावा. काही न विचारता त्यानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. माझ्या आईनं आणि आजीनं आयुष्यभर असाच अंगठा उठवला होता.

मी पॅड परत सरकवला, हुकूम टेबलावर ठेवला, त्याचाच पेन मागून घेतला, आणि रजिस्टरात सावकाश माझं पूर्ण नाव लिहिलं.